खालचा दोरा

५ मार्च, मंगळवार

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पोरगी रडली म्हणून नाही, ती गाढ झोपली होती. काल कारखान्यात मी मुद्दाम वाईट काम केलं म्हणून.

आम्ही उंचावर काम करणाऱ्यांचे पट्टे शिवतो. रंगारी, काचा पुसणारे, असे. कडी जोडतात तिथे वर जाड नायलॉनचा दोरा, खाली बॉबिनलाही तोच. काल एका गठ्ठ्याला, वीस पट्ट्यांना, मी खाली साधा दोरा लावला. कपड्यांचा. रंग तोच. वरून कुणाच्या बापाला कळणार नाही.

गुरुवारी पट्टे घेणाऱ्या कंपनीचा माणूस येणार. त्याच्यासमोर गठ्ठ्यातले दोन पट्टे यंत्रावर ओढायचे, असा करार आहे. तुटला की अख्खा गठ्ठा बाद आणि मालकाची अब्रू चव्हाट्यावर! वीसच्या वीस केले ते म्हणूनच. कुठलाही उचलू दे. पट्टा कुणाच्या अंगावर चढायचा प्रश्नच नाही.

झोप गेली. पण बरं वाटतंय, खोटं कशाला लिहू.

६ मार्च

सासूबाईंनी विचारलं, तोंड का उतरलंय. म्हटलं, दाढ दुखतेय.

इथे लिहिते, नाहीतर पोट फुटेल. मला नववा लागला होता, पाय सुजून खांब झालेले. मालक सगळ्या बायकांदेखत म्हणाला, “एवढी ऑर्डर पार पाड. खिडकीजवळची मशीन तुझीच. बाळंतपण करून ये, कुणी बसणार नाही तिच्यावर.” मी शब्द पाळला. कळा सुरू झाल्या तेव्हा तीन पट्टे राहिले होते. ते संपवले, मग दवाखान्यात गेले.

परत आले तर मशीनवर त्याच्या मेहुणीची मुलगी! मला जमिनीवर बसवलं, उरलेले धागे कापायला. म्हटलं, मालक, तुम्ही शब्द दिला होता. हसला.

“शब्दाला शिक्का असतो का? कागद दाखव.”

सगळ्यांनी ऐकलं होतं. एकीनेही मान वर केली नाही.

सोमवारी ती मुलगी आली नाही, म्हणून मला बसवलं. तात्पुरतं, म्हणे. माझ्याच मशीनवर मी तात्पुरती!

मी चौथी शिकलेली. कागद कुठून आणू? आणि माझ्याकडून पट्टे शिवून घेताना त्याने कागद मागितला होता का? माझा शब्द चालतो, त्याचा चालत नाही, हे कसलं गणित? त्याने मोडला, मी पण मोकळी. फिटंफाट.

पण नीट शिवीन असं मी तरी कधी कुणाला बोलले होते? ते न बोलताच धरलेलं असतं.

बास. झोपते.

७ मार्च

आला तो माणूस. मालकाच्या खोलीत बसला, दोघं हसले, सह्या झाल्या, गेला. मी धागे कापत कान लावून होते. यंत्राचा आवाजच नाही. गठ्ठे गाडीत चढले. माझाही.

८ मार्च

तपासणीवाल्या काकांना विचारलं, काल यंत्र का नाही लावलं. ते हसायला लागले. “पोरी, यंत्र मरून सहा महिने झाले. शिक्का तेवढा जिवंत आहे.” मग माझं तोंड बघून कामाला लागले.

म्हणजे कंपनीशी कागद होता, सही होती, तरी त्याने तेच केलं! आणि मी? ज्याच्यावर डूख धरला, भरवसाही त्याच्यावरच टाकला. माझ्याशी खोटा वागला तो यंत्राशी खरा वागेल, असं धरून चालले. माझ्यासारखी मूर्ख मीच.

पट्टा मालक घालत नाही, रंगारी घालतो. सोमवारी ही अक्कल कुठे गेली होती?

काका म्हणाले, तो माल नदीपलीकडच्या चौदा मजली इमारतीवर गेला. या सोमवारी सकाळी कामावर वाटतील.

९ मार्च

मालकाला सगळं सांगितलं. म्हटलं, आत्ता गठ्ठा परत मागवा, मला काढून टाका. त्याने दार लावलं. आवाजसुद्धा चढवला नाही.

“दोरा तुझ्या हातचा. यंत्राचं कोण बोलणार, काका? त्याला अजून नोकरी करायची आहे. तू आत गेलीस की पोरगी कुणाकडे ठेवशील, ते आधी ठरव.”

मी घरी आले. तळपायाची आग मस्तकात.

१० मार्च

पोरगी आज पहिल्यांदा कॉटला धरून उभी राहिली. कुणाला बोलावून दाखवलं नाही.

११ मार्च, सोमवार, पहाटे

पट्टे वाटायच्या आत त्या इमारतीवर पोचायचंय. गठ्ठा नंबर सत्तेचाळीस. तिथून सरळ पोलिसांत. दोऱ्याचं सांगेन, यंत्राचंही सांगेन. मी बुडणारच आहे, पण त्याला घेऊन बुडेन.

वही पोरीच्या उशाशी ठेवतेय. सासूबाईंना वाचता येत नाही. जो कोणी हे वाचेल त्याने माझ्या दादाला फोन करावा. नंबर मागच्या पानावर आहे. मीच केला असता, पण तो म्हणेल, गप्प बस, पोरीकडे बघ. आणि मी गप्प बसेन. त्याला म्हणावं, भाचीला घेऊन जा.