सुतकाचं पाणी

प्रिय अक्का,

तुला जाऊन आज तिसरा दिवस. आत्ताच राख सावडून आलो आणि कागद घेऊन बसलो. ज्याच्याजवळ मन मोकळं करावं ते माणूस तूच होतीस, आता कुणाला सांगू? घरात पाणी नाही, अक्का. थेंबभरही नाही.

होतं ग! दोन निळे ड्रम काठोकाठ होते. माझी लेक सुमन अहमदपूरच्या दवाखान्यातून बाळ घेऊन येणार म्हणून तूच टँकरचा पाईप ओढून ते भरलेस, वर फडकी बांधलीस. एकटीनं एवढी ओढाताण करायला कुणी सांगितलं होतं तुला? त्याच रात्री झोपेत गेलीस.

आम्ही तुला घेऊन स्मशानात गेलो आणि मागे शेजारच्या बायकांनी रीतीप्रमाणे दोन्ही ड्रम ओतून दिले. घरात मरण आलं की साठवलेलं पाणी बाटतं, म्हणून ओतायचं. एवढ्या दुष्काळात रीत तेवढी आठवली! मी परत आलो तेव्हा अंगण ओलं होतं आणि चिमण्या त्या चिखलात नाचत होत्या.

रागवू कुणावर? त्यांच्यातली काशीकाकू डोळे पुसत म्हणाली, "अक्कासाठी येवढं तरी कराया पायजे ना, गोविंदा. तिचा जीव घुटमळाया नगं." मायेनंच केलं त्यांनी.

तू असतीस तर ड्रमवर चढून बसली असतीस. आठवतं? लातूर जिल्हा नवा झाला त्या दिवसांत गुरुजी आम्हाला म्हणायचे, "जिल्हा जवळ आला पोरांनो, आता पाणी बी येईल." पाणी आलं नाही. आई विहिरीवरच्या रांगेत ऊन लागून पडली, ती उठलीच नाही. मी तापानं फणफणत होतो, ओठ सोलून निघालेले. चुलती रांजण उपसायला आली आणि तू, परकरातली पोर, रांजणावरच्या फळीवर मांडी घालून बसलीस.

"ऊठ ग अवदसे! सुतकाचं पाणी हाय ते."

"न्हाई उठत. आईनं डोक्यावरून आणलंय. आईचं पाणी बाटतं व्हय?"

"देव काय म्हनंल?"

"देवाला म्हणावं, आधी पाऊस पाड, मग बोल."

त्या पाण्यावर मी जगलो. तुला मात्र गावानं 'रांजणावरली' करून टाकलं. तुला बघायला आलेले पाहुणे ते नाव ऐकून चहा न पिताच उठले, तर तू म्हणालीस, "बरं झालं, तेवढंच पाणी वाचलं!" आम्ही सगळे हसलो. आत जाऊन रडलीस का ग तेव्हा?

मी देवाधर्माचा माणूस. सुतक आहे म्हणून देवापुढे दिवासुद्धा लावलेला नाही. सुतकातल्यानं दुसऱ्याचा उंबरा चढायचा नाही, तेही पाळतोय. शेजारून भाकरी येते, पिठलं येतं. पाणी कोण देणार? दोन दिवस मळ्यातल्या बोअरची कळशीभर गढूळ पाणी मिळत होतं, आज त्यातून नुसती हवा आली. टँकर कधी येईल ते चाकूरच्या तहसील कचेरीत कुणी सांगत नाही. लातूरला म्हणे रेल्वेनं पाणी येतंय. आपल्या गावाला रूळ कुठून आणू?

सुमन बाळ घेऊन आली ती सुतकातच, आणि आता तिचं दूध आटत चाललंय, अक्का. बाळाचं अजून बारसंही नाही. सकाळभर ते रडत होतं. आता रडायचंही थांबलंय. देवाला विचारलं, काय करू? तू असतीस तर एवढं लिहूही दिलं नसतंस. "कागद कसला भरून राहिलास? ऊठ की!"

उठतो. घागर घेऊन, सुतकासकट, दारोदार जातो. पहिला उंबरा काशीकाकूचाच. शिव्या घालू देत, दारं लावू देत. तांब्या-तांब्यानं का होईना, त्या मायलेकरांपुरतं जमवल्याशिवाय घरी येणार नाही, हा तुला शब्द. आणि तुझ्या दहाव्याला सगळ्या भावकीपुढं उभा राहून सांगेन: मी मेलो की आधी घरातल्या पोराबाळांना घरातलंच पाणी पाजा, मग मला उचला.

तुझा धाकटा भाऊ,
गोविंदा