शून्य मात्रेच्या वाफ्यांची चौकशी

बाजरी प्रयोगकेंद्र, गोदाप्रवरा विद्यापीठ,
सोनईपासून दोन कोस.
१२ नोव्हेंबर १९७१

तीर्थस्वरूप आबासाहेब मामांच्या पायांवर गोरक्षचं डोकं. (डोकं अजून धडावर आहे, हे कळावं म्हणून मुद्दाम लिहितो.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मामी वाटून देतात तो लेप लावता, की लावला म्हणून नुसतं सांगता? दोन कोसांवर राहून भाचा पोस्टानं पत्र पाठवतो आणि दिवाळीलाही तोंड दाखवत नाही, म्हणून तुम्ही रागावला असाल. पण माझा नाइलाज होता. माझ्या सायकलचं कॅरिअर मोडलं आहे. (सायकल कॅरिअरवाचूनही चालते, हे मला माहीत आहे. पण मामींचा फराळाचा डबा आणायला कॅरिअर लागतं, आणि तो डबा तिथंच ठेवून परत येणं माझ्याच्यानं झालं नसतं.)

पत्रास कारण की, तुमच्या चिठ्ठीवर नोकरीला लागलेला तुमचा भाचा आता विद्यापीठाच्या संशोधन सदाचार समितीचा सचिव झाला आहे. झालं असं, की वरून परिपत्रक आलं. संशोधनात आकड्यांची गडबड फार होते, तेव्हा प्रत्येक केंद्रानं सदाचार समिती नेमावी, सर्वांकडून प्रतिज्ञापत्रं घ्यावीत आणि सोबतचा नमुना तीन प्रतींत भरून पाठवावा. आमचे केंद्रप्रमुख सूर्यभानसाहेब आपोआप अध्यक्ष झाले, हेडक्लार्क प्रभुदास सदस्य झाले आणि अक्षर बरं म्हणून मी सचिव झालो. प्रतिज्ञापत्रं एका दुपारीत गोळा झाली. दोघेजण रजेवर होते, त्यांच्या सह्या मीच केल्या. (प्रभुदास म्हणाले, सदाचाराच्या कामाला उशीर नको.) नमुन्यात बावीस प्रश्न होते. पाचवा असा, की प्रयोगाचे आकडे प्रयोग पूर्ण झाल्यावरच घेतले काय? उत्तराला तीन चौकोन होते: होय, नाही, लागू नाही. साहेबांनी चष्मा पुसला, थोडा विचार केला आणि 'लागू नाही'वर खूण केली.

त्यांचंही बरोबर होतं, हे कळायला प्रयोग सांगायला हवा. साहेबांनी एक करडी भुकटी तयार केली आहे. तिचं नाव सूर्यचूर्ण. (नाव सुचवायला वेगळी समिती होती, तिचेही अध्यक्ष साहेबच.) बाजरीचे वीस वाफे केले, पाच रांगा आणि दर रांगेत चार. पहिल्या वाफ्याला काहीच द्यायचं नाही, दुसऱ्याला भुकटीची एक मात्रा, तिसऱ्याला दुप्पट, चौथ्याला तिप्पट. प्रत्येक वाफ्याच्या डोक्याशी पांढरी पाटी, तिच्यावर काळा आकडा: शून्य, एक, दोन, तीन. काहीच न दिलेला वाफा कशाला, असं तुम्ही विचाराल. तो तुलनेसाठी असतो. आता साहेबांना जुलैतच दिल्लीच्या परिषदेला निबंध पाठवायचा होता, म्हणून तो जुलैतच टंकलिखित झाला. (टंकलेखन मी केलं. निकालाची चौकशी करणं टंकलेखकाचं काम नसतं.) तिप्पट मात्रेचं उत्पन्न शून्याच्या दुपटीवर, असं त्यात दशांशचिन्हापुढं दोन आकड्यांपर्यंत दिलेलं होतं. पीक तेव्हा माझ्या घोट्याला लागत होतं. साहेबांचं म्हणणं, परिषद पिकासाठी थांबत नाही.

सप्टेंबरअखेर कापणी झाली आणि अनर्थ झाला. शून्याच्या पाचही वाफ्यांत हातभर लांब, भरगच्च कणसं. तिप्पट मात्रेच्या वाफ्यांत पानांच्या कडा करपलेल्या आणि कणसं करंगळीएवढी. वजन तीनदा केलं. तिसऱ्यांदा साहेबांनी स्वतः काटा धरला, तरी शून्यच जड. निबंध तर दिल्लीत पोचून मंजूरही झालेला. साहेब दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना आठवलं की आपल्याकडे सदाचार समिती आहे. तिची पहिली बैठक भर दिवाळीत भरली. विषय एकच, शून्य मात्रेच्या वाफ्यांचं गैरवर्तन. (यामागं काय होतं ते मला तेव्हा अजिबात ठाऊक नव्हतं, हे इथंच लिहून ठेवतो.) साहेबांनी मांडणी अशी केली, की निबंध बरोबर आहे, म्हणजे चूक शेतात झाली असणार. वाफे जागचे हलत नाहीत. तेव्हा पाट्याच हलल्या असणार. शून्याची पाटी तिप्पट मात्रेच्या वाफ्यावर गेली आणि त्याची इकडं आली, एवढं मान्य केलं की सगळे आकडे निबंधाप्रमाणे जुळतात. प्रभुदासांनी विचारलं, की पाट्या हलवणारा कोण म्हणून लिहायचं, कारण नमुन्यात त्याला एक रकाना आहे.

त्या रकान्यासाठी लंकाबाईला बोलावलं. ही आमच्याकडे दारं धरते, म्हणजे पाण्याची वाट बघून पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यांत सोडते. मजुरांच्या वहीत तिचा क्रमांक नऊ. घरी सासू आणि दोन पोरी, सगळ्या हिच्या रोजावर. ती आली आणि कोणी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "व्हय सायेब, म्याच घातलं. लेंडीखत. पंगतीत चौघं जेवाया बसल्यावर तिघांना वाढायचं अन् एकाचं ताट कोरडं ठिवायचं? त्या वाफ्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?" झालं होतं ते एवढंच. पावसाळाभर ही बाई आपल्या शेळ्यांचं लेंडीखत पाटी पाटी (टोपलीची पाटी, आकड्याची नव्हे) आणून त्या पाच उपाशी वाफ्यांना घालत होती. (मला याचा पत्ताच नव्हता.) एवढं खत इथवर आलं कसं, असं साहेबांनी विचारलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "डोक्यावरून आनलं." ते मी लिहून घेतलं. मग साहेबांनी मला पेन खाली ठेवायला सांगितलं.

कारण असं, मामा, की खत घातलं हे इतिवृत्तात आलं तर सगळा प्रयोग रद्द होतो, आणि प्रयोगाबरोबर निबंध, निबंधाबरोबर साहेबांचा दिल्लीचा प्रवास. पाट्या हलल्या एवढंच आलं तर सगळं शाबूत राहतं. म्हणून बाईचा कबुलीजबाब समितीनं फेटाळला आणि तिनं न केलेल्या गुन्ह्याचा जबाब माझ्याकडून लिहून घेतला: माझ्या हातून अनवधानानं पाट्यांची अदलाबदल झाली, यापुढं असं होणार नाही. खाली अंगठा दिला तर ताकीद देऊन कामावर ठेवू, नाहीतर काम बंद, असं साहेब तिला अगदी गोड बोलून समजावत होते. प्रभुदासांनी शाईचं पॅड ओलं करून पुढं सरकवलं. मी जबाब वाचून दाखवला. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हणाली, "पाट्यांना म्या हात लावला न्हाई. खत घातलं त्ये लिवा, धाई बोटांचे ठसे देते." साहेबांनी पुन्हा समजावलं, प्रभुदासांनी पोरींची आठवण करून दिली, पण ती ऐकेना. शेवटी समितीनं एकमतानं ठराव केला, की मजूर क्रमांक नऊ हिनं संशोधनाच्या सदाचाराचा भंग केला आहे आणि चौकशीला सहकार्यही दिलेलं नाही, सबब सोमवार दिनांक पंधरापासून तिला कामावर घेऊ नये. आख्ख्या केंद्रात प्रतिज्ञापत्राखाली बेचाळीस सह्या आहेत. वाचून दाखवल्यावर अंगठा द्यायला नाही म्हणाली ती ही एकटी. (मी सचिव, म्हणजे फक्त लिहिणारा. मतदानात माझा हात मोजला होता खरा, पण मला आतलं काही माहीत नव्हतं.)

बाकी इकडं सर्व क्षेम आहे. थंडी पडू लागली आहे. साहेब पुढच्या आठवड्यात दिल्लीला निघतील, त्यांच्यासाठी सूट शिवायला टाकला आहे. मामींना नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्याला लेप लावावा ही विनंती.

तुमचा भाचा,
गोरक्ष (सचिव, सं. स. स.)

ता. क. – खरं काम राहिलंच. लंकाबाईला तुमच्या मळ्यावर कामाला घ्या. तिची वाडी तुमच्या मळ्यापासून चालत तासाच्या आत आहे. दारं धरण्यात ती एक नंबर. तुम्ही सगळं पाणी उसाला देता आणि मामींची कोथिंबीर वाळत ठेवता, तेवढं मात्र तिला चालणार नाही, हे आधीच सांगतो.

ता. क. दुसरा – मला काही ठाऊक नव्हतं, असं मी वर तीनदा लिहिलं आहे. ते खोटं आहे. जूनमध्ये एकदा ती डोक्यावर पाटी घेऊन भर पावसात चालली होती. मी सायकल थांबवली आणि पाटी कॅरिअरवर घेतली. मावशी, यात काय आहे, असं विचारलं तर म्हणाली, "तुमच्या उपाशी वाफ्यांचा घास." मला हसू आलं. मग रोज सकाळी मी तिच्या वाडीवरून पाटी घेऊन येऊ लागलो. (जुलैत निबंध टंकलिखित केल्यावर तर वाटलं, निकाल लागलाच आहे, वाफे तरी जेवू देत.) कॅरिअर मोडलं ते त्या पाटीच्या ओझ्यानं, ऑगस्टात. त्या दिवशी समितीपुढं मावशी एकदाच खोटं बोलल्या, आणि ते मला वाचवायला. ते एकच वाक्य मी इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिलं. मामा, मला फार लाज वाटते. दिवाळीला आलो नाही तो त्यामुळं.

ता. क. तिसरा – सोमवारी सकाळी इतिवृत्त वाचून कायम करायचं आहे. वाचणार मीच. आज दुपारी मी त्यात तिच्या वाक्याखाली आणखी चार ओळी लिहिल्या: खत कोणी घातलं, कोणी आणलं, कशावरून आणलं आणि निबंध कोणत्या महिन्यात टंकलिखित झाला. खाली माझी सही केली, यावेळी फक्त माझीच. प्रभुदासांनी ते दोनदा वाचलं आणि तीन प्रती करून तिन्ही आपल्या कपाटात कुलपात ठेवल्या. तेव्हा मळ्यावर एकाचं नाही, दोघांचं काम बघा. मला दारं धरता येत नाहीत, पण पाटी उचलता येते. डोक्यावरूनच आणावी लागेल. सायकलचं कॅरिअर अजून मोडलेलंच आहे.