बोके की बुके

वडवणी, ४ फेब्रुवारी २०२५

चि. पंचशीला हिस मामाचा जयभीम व अ. आ.

पत्र पाहून हसशील, पण फोनवर तुझं बोलणं आता मला कळत न्हाई. डावा कान गेलताच, उजवाही उतरला. काल सिरसाळ्याचे रामप्रसादराव लेकीला, रोहिणीला, घेऊन तिच्या साखरपुड्याचे फोटो ठरवायला माझ्या स्टुडिओत आले. फोटोत मागं बुके पाहिजेत, असं मला ऐकू आलं. मी विचारलं, गुलाबाचे का? त्यांनी न्हाई म्हणून मान हलवली, मग बोके म्हणाले. मला वाटलं मांजरं. ती कावून, असं विचारलं तर पोरगी तोंडाला रुमाल लावून हसली. तुझ्या मामीनं वेळ मारून नेली, पण मला लई लाजल्यागत झालं. एवढी ऑर्डर करून स्टुडिओचं शटर कायमचं ओढावं म्हणतो. तेवढं सांग, हे बोके काय हाय?

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा ज्ञानोबामामा

पुणे, १० फेब्रुवारी

ती. मामांस, स. ज. वि. वि.

या शब्दावर आमच्या फोटोग्राफीच्या वर्गातही भांडण झालं. शब्द जपानी, अर्थ धूसरपणा. नवरी स्पष्ट दिसते आणि मागच्या दिव्यांचे मऊ गोळे होतात, तेच हे. बो आणि के, दोनच अक्षरं. जपानी लोक दोन्ही सारख्याच मापानं म्हणतात, कशावर जोर नाही. इंग्रजीत शेवटी एच जोडला, नाहीतर तिकडे नुसतं बोक म्हणतील. तरी कुणी बो दाबतं, कुणी के लांबवतं. लेन्स पूर्ण उघडी ठेवा, रोहिणीला दिव्यांपासून लांब उभं करा. आणि शटर ओढायच्या आधी बीडला कान दाखवा. माझं ऐका, म्हणजे वाचा.

मामीला जयभीम. रागावलात तरी लिहीत राहा.

तुमची पंचशीला

वडवणी, ३ मार्च

चि. पंचशीला हिस अ. आ.

साखरपुडा झाला. दिव्यांचे गोळे असे उतरले की रामप्रसादराव कॅमेऱ्यापासून हलेनात. रोहिणी माझ्यासमोर येऊन सावकाश बोलली. त्या दिवशी ती मला हसलीच नव्हती, बापाला हसलती. घरून निघताना तिनं वडिलांकडून बोके घोकून घेतलतं, आणि स्टुडिओत येऊन ते आधी बुकेच म्हणाले. म्हणजे पोरी, मी बरोबर ऐकलतं.

तरी तुझं मानून बीडला जाऊन आलो. डाव्याची आशा न्हाई, उजव्याला यंत्र बसतंय. शटर उघडंच ठेवतो. युसूफ वडगाव या गावचं एक लग्न घेतलंय. यंत्र आलं की फोन करीन. पण पत्र बंद करू नको, फोनवर तू लई भरभर बोलतीस.

तुझा ज्ञानोबामामा