कमरेला बांधलेले तीन फ्यूज

बाबा, आज नांदेडात झाडं छाटणाऱ्या तीस माणसांसमोर मी तुमचे तीन फ्यूज टेबलावर मांडले. तेच, चिनी मातीचे, आपल्या गावच्या ट्रान्सफॉर्मरची पेटी बदलली तेव्हा लाइनमनने तुम्हाला देऊन टाकलेले. तारांजवळच्या फांद्या तोडताना जीव कसा राखायचा, हे शिकवणं आता माझी नोकरी आहे. माझ्याकडे चार्ट आहेत, रबरी हातमोजे आहेत, पण माणसं पुढे सरकून बसतात ती तुमचे फ्यूज पाहून.

झाडावर चढायच्या आधी तुम्ही लाइनमनने पेटीतून काढलेले फ्यूज मागून घ्यायचात, रुमालात गुंडाळून कमरेला बांधायचात आणि मगच बुंध्याला पाय लावायचात. ज्याचा जीव वर, फ्यूज त्याच्याकडे. तुम्हाला सहीपलीकडे अक्षर येत नव्हतं, आणि आमच्या जाडजूड पुस्तकात हाच नियम, स्विचला कुलूप आणि चावी काम करणाऱ्याच्या खिशात, असा चार पानं सांगितलाय. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थक्क होऊन पुस्तक मिटून बसले होते. हे तुम्हाला कुणी शिकवलं, ते विचारायचं राहूनच गेलं.

आणि तो बाजारातला, तारांत फांद्या घुसलेला कडुलिंब. मी नुकताच इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून उदगीरहून गावी आलेली. भर दुपार, लोडशेडिंग चालू, आणि तुम्ही कोयता मांडीवर घेऊन लाइनमनची वाट बघत बसलेले. तासभर झाला. हॉटेलवाला ओरडतो, "कवाचं बसून राहिलाव मामा, लाईट तर गेलीय! भ्यालाव का?" लोक हसतात. माझे कान तापतात. मी तुमच्याजवळ येऊन म्हणते, "बाबा, चारपर्यंत लाईट येत नाही. मी शिकलेय ना? चढा."

"लाईट गेली म्हणून तार मेली असं न्हाई, माय," तुम्ही म्हणालात. "फ्यूज येऊ दे, साखळी लागू दे. मग चढतो."

लाइनमन आला, फ्यूज तुमच्या कमरेला गेले. मी म्हटलं, आता तरी चढा. तुम्ही फक्त मान हलवलीत. तारेत करंट उरला असेल तर तो जमिनीत जावा म्हणून त्याने साखळीचं एक टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधलं, दुसरं लांब काठीने तारेला लावलं, आणि फाटकन निळा जाळ उडाला. गावाच्या टोकाच्या वखारवाल्याने नवा जनरेटर घेतला होता आणि तो थेट घरच्या बोर्डाला जोडून दिला होता. त्याचा करंट उलटा तारेत येत होता. फ्यूज तुमच्या कमरेला असूनही तार जिवंत होती. तुम्ही पाणी मागितलंत, आणि मी तांब्या भरून आणला. वखारवाल्याचा जनरेटर बंद करवून, साखळी पुन्हा लावून बघून तुम्ही चढलात, रोजच्यासारखे.

आज हे सगळं सांगून झाल्यावर देगलूरकडच्या एका पिकल्या केसांच्या माणसाने विचारलं, "मॅडम, बाबाला चढ म्हणणारं कोण व्हतं?"

"कंत्राटदार," मी म्हणाले.

"हाव. परक्याला काय पडलंय? घरचं माणूस असं कशाला म्हणंल?"

मी मान डोलावली. दर वर्गात मी कंत्राटदारच सांगत आलेय, बाबा. तुम्ही पुढे कितीतरी वर्षांनी घरात, अंथरुणावर, दहाही बोटं शाबूत असताना गेलात, ते माझं ऐकलं नाहीत म्हणून. त्या तिसांतल्या कितीजणांच्या घरी शिकलेली लेक असेल, आणि ते तिचं ऐकतील. त्यांना खरं सांगायला हवं होतं. हा कागद फ्यूजच्या रुमालात घडी करून ठेवते. खरं सांगायची मला लाज वाटली, त्या बाजारात लोक हसले तेव्हा वाटली होती तशीच.