पटावरची चार वर्षं

१२ एप्रिल, एटापल्ली
मैनी सकाळच्या गाडीने आली. पाणीही न घेता कागद पुढे केला. जर्मनीत परदेशी दाखले तपासणाऱ्या कचेरीचं उत्तर. प्रत्येक ओळीखाली तिनेच पेन्सिलीने मराठी लिहिलेलं. नागपुरात वर्षभर जर्मन शिकली, ते वाया गेलं नाही.

सार असं. बारावी विज्ञान, ६८ टक्के, मान्य. दहावी मान्य. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पहिला प्रवेश थेट इयत्ता पाचवीत. पहिली ते चौथीचा पुरावा कुठे आहे? त्यांना शाळेची बारा वर्षं लागतात, हिची आठच भरतात. ३१ मेपर्यंत पुरावा द्या. नाहीतर तिथल्या इस्पितळाच्या नर्सिंग शाळेत ऑक्टोबरसाठी राखलेली तिची जागा जाईल.

"बाई, बारावी पास झाल्यावर चौथीचा कागद कोन मागते?"

कुणी मागत नाही. आपल्याकडे.

१३ एप्रिल
पाचवीत तिला मीच बसवलं. वयानुरूप प्रवेश. मूल ज्या वयाचं, त्या वयाची इयत्ता. कायदाच आहे. मैनी तेव्हा दहा पुरी केलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली. त्या वर्षी शाळाबाह्य पोरांसाठी आरमोरीच्या बाजारात सभा घेतली, तिथे बोलले होते मी: दहा वर्षांच्या पोरीला पहिलीच्या बाकावर बसवता? तिने वर्षं घालवली नाहीत, तुम्ही चोरलीत! या पोरीत काहीही कमी नाही!

टाळ्या थांबत नव्हत्या. नंतर तिला दहा महिने माझ्या घरामागच्या शेडमध्ये शिकवलं, पाचवीच्या बरोबरीला आणलं. सगळं कायद्याने.

आणि आता दुसऱ्या देशात कुणीतरी बोटावर वर्षं मोजतंय. आपण टक्के मोजतो, तसंच.

१९ एप्रिल
आश्रमशाळेत गेले. बोरकुटे सर, मैनीचे मुख्याध्यापक. मला घाबरत नाहीत, म्हणून मला आवडतात.

"काऊन डोकं शिणवता बाई? पहिली ते चौथी हाय ना तिची."

"कुठे आहे?"

कपाटातून जुना हजेरीपट काढला. मैनीच्या पाड्यावरची शाळा बंद झाली तेव्हा तिचे कागद यांच्याकडे आले. पहिली: मैनी, हजर. दुसरी: पास. तिसरी: पास. चौथी: पास, वर्तणूक चांगली.

तोच पट. तिथला मास्तर तालुक्याला राहायचा आणि घरी बसून हजेरी भरायचा. हाच पट हातात धरून मी जिल्ह्याच्या कचेरीसमोर तीन दिवस धरणं धरून बसले होते. मैनी शाळाबाह्य आहे हे त्यानंतरच मान्य झालं, म्हणून तर दाखल्यावर पाचवी आली.

"मग नक्कल देता येईल?" मी विचारलं. विचारताना स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

"येते ना. पन पट खोटा म्हून तुमची तक्रार अजून उघडीच हाय. ती मागं घ्या, उद्या शिक्का मारून देतो. कोनाले काही खोटं लिवायचं नाई बाई, लिवलेलंच हाय." मग हसून, "तुमी भाषनं देता, आमी दाखले देतो. पोरी कशानं पुढं जातात, पाहा."

२० एप्रिल
तक्रार मागे घेणं म्हणजे शाळा भरत होती असं माझ्या सहीने लिहून देणं. त्या पटावर एकोणीस नावं आहेत. मैनी सोडून अठरा. ती जंगलात, शेतात, दोघी सासरी. त्यांचं कुणी काही मागणार नाही, पण म्हणून...

दिवसभर वाचत बसले. पुस्तकं भिंतभर आहेत. एकातही हे नाही.

२६ एप्रिल, मैनीचा पाडा
अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. मैनीच्या वडिलांशी जोहार झाला. ते माडियातून बोलतात, मैनी मराठी करून सांगते. विचारलं, मास्तर कधी आलाच नव्हता का, नीट आठवून सांगा. ते बराच वेळ आठवत राहिले.

"एकदा आलता म्हनतात," मैनी म्हणाली. "कोंबडा घेऊन गेला."

हसले ते एकटेच.

परत निघताना मैनी नदीपर्यंत सोडायला आली. वाटेत तिला सगळं सांगितलं. पट, तक्रार, सरांचं म्हणणं. ती थांबली.

"माही चार वर्षं सरकारनं नेली. आता सरकारच कागदावर वापस देऊन राह्यलं. मले घेऊ काऊन नाई देत?"

"ते खोटं आहे, मैनी."

"खोटं मी नाई लिवलं. तुमाले टाळ्या भेटल्या त्याच्यावर. मले काय भेटलं?"

सभेत उठून प्रश्न विचारणाऱ्याला मी कधी उत्तराशिवाय जाऊ दिलं नाही. आज नदी ओलांडून गाडी धरली. गाडीतही तोच प्रश्न.

३ मे
जर्मनीच्या कचेरीला पत्र लिहायला घेतलं. पटाऐवजी खरी हकीकत. पहिला मसुदा नऊ पानं. मैनीने वाचला.

"हे तिथल्या बाईवर वरडल्यासारखं वाटते. तिनं काय केलं?"

दुसरा चार पानं. तोही भाषणच.

मग वेगळा कागद घेतला. तक्रार मागे घेण्याचा अर्ज. सही केली, तिच्या हातात दिला. म्हटलं, जागा तुझी आहे, तू ठरव. घेताना ती माझ्याकडे पाहत होती. मी तिला अधिकार दिला की माझं ओझं तिच्यावर टाकलं, अजून कळत नाही.

७ मे
मैनी अर्ज घेऊन परत आली. सरांकडे गेलीच नाही.

"ते लोक फोनवर तोंड पाहून मुलाखत घेतात, बाई. पहिलीच्या मास्तरचं नाव काय, कसा शिकवे, असं विचारलं तर? मी त्याले पाह्यलंच नाई. कोंबड्याले विचारा लागंल."

दोघी हसलो, पुष्कळ दिवसांनी. मग ती पायाच्या नखाने जमीन कोरत राहिली.

"आनि बाई, मले पाढे येत नाई."

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात तिने गुणाकार बेरजा करून सोडवले. मागच्या पानावर, एकाखाली एक. दोन प्रश्नांना वेळच उरला नाही.

"पाढे चौथीपर्यंत होऊन जातात. पाचवीत साऱ्याईले येत होते. मी कोनाले विचारू?"

मला विचारायचं. दहा महिने माझ्यासमोर बसत होती. वाचन घेतलं, लेखन घेतलं, मराठी घेतलं. पाढे मीच घेतले नाहीत. घोकंपट्टीच्या विरोधात होते मी. त्यावर पुस्तकं वाचली होती, भाषणंही केली होती. आणि बाजारात ओरडून सांगितलं होतं की या पोरीत काही कमी नाही. कमी होतं. तिला ठाऊक होतं, सात-आठ वर्षं.

अर्ज फाडला नाही. कपाटात ठेवला.

९ मे
पत्र एक पान. कायदा काय सांगतो. तिचं वय किती होतं. गावातली शाळा का भरत नव्हती. दहा महिन्यांत मी काय शिकवलं, तेव्हाच्या माझ्या वहीच्या नकलेसह. काय शिकवलं नाही तेही लिहायला घेतलं, तर मैनीने माझं पेन पकडलं.

"ते नका लिवू. ते मी शिकून घेते."

जर्मन तिने केलं. शिक्का मारलेलं अधिकृत भाषांतर नागपूरला करून घेऊन तिथूनच पाठवेल.

१८ जून
उत्तर आलं. वर्षं आठच धरली आहेत. पण इस्पितळाची शाळा तिची पातळी स्वतः तपासायला तयार आहे. ८ जुलैला पडद्यावर तोंडी परीक्षा. भाषा, जीवशास्त्र आणि औषधाची मात्रा काढण्याइतकं गणित. कॅल्क्युलेटर नाही. त्यानंतर कचेरी "पुन्हा विचार करेल". विचार करेल, इतकंच लिहिलंय.

मैनी बॅग घेऊन माझ्याकडेच राहायला आली.

२७ जून
सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. बारापर्यंतचे पाढे झाले. मी म्हणते, ती माझ्या मागे म्हणते. कुंपणाशी शेजारची म्हैस उभी राहून ऐकते. मैनी म्हणाली, "तुमची इतकी लहान सभा पयल्यांदा झाली असंल."

आज तेराचा. तेरा सत्तेला अडली. चेहरा स्थिर, नजर समोर, पण टेबलाखाली बोटं हलत होती. इतकी वर्षं वर्गात असंच केलं असणार.

"हात वर घे," मी म्हटलं. "माझ्यासमोर मोज."

तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. पुष्कळ वेळ लागला. मी मध्ये बोलले नाही.

"एक्याण्णव."

"बरोबर. पुढे?"