किनार टोकापर्यंत जाते

मुळगाव, शुक्रवार संध्याकाळ

सुटले एकदाची! एम.एस्सी.च्या प्रबंधात आमच्या विहिरीवरचं शेवाळ आणि हरमलच्या ओहोळातलं शेवाळ या दोन वेगळ्या जाती म्हणून मी लिहिलंय. मंगळवारी मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "मला दोन्ही एकच वाटतात." तेव्हापासून झोप नाही. मग वर्षभर मी पाहिलं काय? शेवाळाच्या इवल्याशा पानाच्या कडेची ती फिकट किनार मनानेच रंगवली की काय?

आज प्रयोगशाळेत दोन्हींची सुकून वळलेली पानं पाण्यात भिजवली. ती उलगडल्यावर मॅडमनी स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. विहिरीवरच्या पानाची किनार थेट टोकापर्यंत. हरमलच्या पानाची अर्ध्यातच संपलेली. आणखी पानं बघितली, तरी किनार तशीच.

"मी सुकी पानं बघून बोलले गं. तुझंच बरोबर," मॅडम म्हणाल्या. मला चक्क रडू आलं. वेडीच मी.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मगे आता तरी विहिरीचो काठ घासू गो? वर्षभर मी जीव मुठीत धरून पाणी काढतंय."

माझ्यासाठी ती इतके दिवस थांबली होती. मला कळलंच नाही.