गार्गीचे सातशे पस्तीस

मुलुंड, ८ जून २०२५

चि. श्यामसुंदर यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. काल तुझे पेढे पोचले. मला वाटलं गार्गीचं लग्न ठरलं. चिठ्ठी वाचली तर परदेशी कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेच्या सरावात आठशे पाचपैकी सातशे पस्तीस! सरावाचे पेढे वाटणारा अख्ख्या बोरिवलीत तू पहिलाच असशील.

आणि तेवढ्यावर पोरीला मरोळची चांगली नोकरी सोडायला लावतोस? तीस जूनला राजीनामा, चौदा जुलैला परीक्षा. अरे, निकाल तरी लागू दे. चौतीस वर्षं गणित शिकवलं मी. चाचणीत पहिले येऊन बोर्डात आपटलेले पुष्कळ पाहिलेत.

तिची पहिली सराव परीक्षा कितीची झाली, ते चिठ्ठीत का नाही? नंतरच्या परीक्षांत प्रश्न नवे होते का, तेही कळव.

लोभ आहेच, या पत्राने तो आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
मृणालिनी

बोरिवली, १३ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे तपासलेली उत्तरपत्रिका, लाल शाई तेवढी राहिली. ही तुझी खडू-फळ्याची परीक्षा नव्हे. इथे उत्तर बरोबर आलं की संगणक पुढचा प्रश्न अवघड काढतो, चुकलं की सोपा. तुला ते झेपायचं नाही.

पहिली सहाशे पाचची होती. त्या दिवशी तिला सर्दी होती, म्हणून मी ती धरलेलीच नाही. मग मी पद्धत बदलली. पुढचे दोन संच तिच्या नावाने आधी मीच सोडवले आणि प्रश्न वहीत उतरवून घेतले. संच पुन्हा सुरू केला की बरेचसे प्रश्न तेच येतात. आपणही दहावीला अपेक्षित प्रश्नसंच घोकलाच ना? तिने आधी वही केली, मग परीक्षा दिली. सहाशे पंच्याण्णव, मग थेट सातशे पस्तीस.

राजीनामा मीच टाइप करून दिलाय. तिचं इंग्रजी फार मवाळ आहे.

रागाव हवं तर, पण माया कमी करू नकोस.

तुझा,
श्यामसुंदर

मुलुंड, १७ जून

चि. गार्गीस अनेक आशीर्वाद.

घरी पत्र पाठवलं तर तेही तुझा बाप तुझ्याआधी सोडवून ठेवेल, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय.

सातशे पस्तीस हे पाठांतराचे गुण आहेत. घोकलेली उत्तरं बरोबर आली की संगणकाला वाटतं मुलगी फार हुशार, म्हणून तो अवघड प्रश्न काढतो, आणि तेही वहीत असतात. खऱ्या परीक्षेत वही नसेल. तुझा आकडा सहाशे पाच, फार तर दहा-वीस इकडेतिकडे. सहाशे पाचच्या मुलीने सातशेवाल्यांच्या कॉलेजांसाठी नोकरीवर लाथ मारू नये. राजीनामा देऊ नकोस.

आत्याचं बोलणं टोचलं तरी आत्या तुझीच आहे.

मृणालिनी

मरोळ, १६ जुलै

ती. आत्यास शि. सा. न.

सहाशे पंचवीस. जिंकलीस तू.

राजीनामा अजून ड्रॉवरमध्ये आहे. नोटीस पिरियड चालू आहे असं बाबांना सांगून रोज कामावर येत होते. परीक्षेत वहीतला एकही प्रश्न आला नाही. तिसऱ्या प्रश्नालाच वाट लागली. पाच मिनिटं नुसती रडू आवरत बसले, मग जमेल तसं सोडवत गेले.

निकाल बघून बाबा म्हणाले की तिथे एसी फार होता, ही सरावाची धरू आणि खरी ऑगस्टमध्ये देऊ. लगेच नवी कोरी वही काढली. ती मी त्यांच्या हातातून घेतली. राजीनामा दिलेला नाही हे सांगितलं, आणि ते सातशे पस्तीस तुमचे होते, हेही. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. मला वाईट वाटतंय, पण कमी.

आता तुझं. सहाशे पाचची मुलगी असं लिहिलंस ना, ते वाचून त्या दिवशी मी जेवले नाही. बाबांना माझ्या गुणांचे पेढे वाटायचे होते, तुला ते त्यांच्या घशातून काढायचे होते. बहीणभाऊ शोभता. मला कुठे शिकायचंय, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

ते कॉलेज मी शोधलंय. सहाशे पंधरालाही घेतात. काल रात्री अर्ज भरला. त्यात गुणांचा रकाना आला तेव्हा सरळ आकडा लिहून पुढे गेले, आत्या. हे सहाशे पंचवीस माझ्याआधी कोणी सोडवलेले नाहीत.

माया कर, पण आकडा विचारून नको.

तुझी,
गार्गी